गच्चीवर भाजी आणि रविवारी सिनेमा, आत्तींसाठी काय काय करता येईल?

टिळकवाडीची_सून

नमस्कार मंडळी. मी बेळगावात टिळकवाडीत राहते, दुसऱ्या रेल्वे गेटच्या अलीकडं. विषय दोन-तीन आहेत पण आमच्या घरात ते सगळे एकाच माणसाभोवती फिरायलेत म्हणून एकत्रच विचारते.

माझ्या सासूबाई, आम्ही सगळी त्यांना आत्तीच म्हणतो, आता कायमच्या आमच्याकडं राहायला आल्यात, मामा म्हणजे माझे सासरे पण आलेत. जन्म सगळा जांबोटीकडच्या गावात गेला, घरामागं परडं, परड्यात तोंडली, अळू, वाल, मिरच्या, अबोली, सगळं. इथं आल्यावर त्यांना बसवत नाही. माझे मिस्टर म्हणतात आईनं आता आराम करावा, पण आरामानंच त्या सुकायल्यात असं मला वाटतं. सकाळी उठून गॅलरीत उभ्या राहतात आणि समोरच्या बंगल्याच्या बागेत माळी कसा चुकीचं पाणी घालतोय ते मला सांगतात. तर गच्ची आमच्या मालकीची आहे, मोकळी आहे, तिथं त्यांना भाजी लावायची आहे. शोभेची झाडं नकोत हे त्यांनी आधीच सांगून टाकलंय, "बघायला कशाला झाड, खायला पायजे." मिरगाच्या आधी तयारी व्हावी असं वाटतंय. माती कुठली, टब केवढे, आणि आपल्याकडच्या जुलैतल्या झडीत काय टिकतं ते कुणीतरी नीट सांगा.

दुसरं म्हणजे सिनेमा. रविवारी दुपारी जेवणं झाली की आमच्याकडं टीव्हीवर जुना मराठी सिनेमा लागतो, हा आत्तींचा नेम. खालच्या मजल्यावरच्या अक्का पण येतात, त्या कानडी, मराठी बोलता येत नाही पण कळतं सगळं. नातवंडं येतात आणि दहा मिनिटात मोबाईल काढतात. आणि मामा! मामांना प्रत्येक सिनेमाची पुढची गोष्ट माहीत असते आणि ती पोटात राहत नाही. "आता बघ हां, ह्यो मरतोय" असं सुरू झालं की आत्ती टीव्हीवरची नजर न हलवता म्हणतात, "अहो, जरा खालनं कढीपत्ता घेऊन या." मामा बिचारे चप्पल घालून कोपऱ्यावर जातात, परत येईपर्यंत तो मेलेला असतो. मागच्या रविवारी घरात कढीपत्त्याच्या तीन जुड्या झाल्या. तर सगळ्यांनी मिळून बसून बघावं असं काय लावू, तेही सांगा.

हां, एक राहिलं. गावाहून येताना आत्तींनी काटेरी वांग्याचं एक रोप डब्यातनं आणलंय, त्याला त्या "निळू फुले" म्हणतात. हात लावला की टोचतो म्हणून.

---

जांभ्याची_माती

ताई, मी खानापूरचा. वाचून बरं वाटलं, आमच्या घरी पण आईचं असंच.

आधी वजनाचं बोलतो कारण ते कुणी सांगत नाही आणि मग स्लॅब गळायला लागला की सगळी बाग खाली उतरते. ओली माती एक घनफूट म्हणजे ४५ ते ५० किलो भरते. म्हणजे गच्चीवर सरळ वाफा करून माती ओतायचा विचार असेल तर सोडून द्या. टब, रंगाचे रिकामे डबे, क्रेट असंच घ्या, भिंतीच्या कडेनं आणि खाली बीम असेल तिथं ठेवा, मधोमध नको. प्रत्येक डब्याखाली दोन विटा, म्हणजे पाणी वाहून जाईल, स्लॅब कोरडा राहील. आणि भोकं तळाला तर पाडाच, वर बाजूला पण बोटभर उंचीवर दोन-तीन पाडा, जुलैत तळाची भोकं मातीनं बुजतात तेव्हा ह्या वरच्यांनी झाड वाचतं.

माती आपली तांबडीच घ्या, पण नुसती नको, पावसानं बसून घट्ट होते आणि मुळांना हवा मिळत नाही. तांबडी माती, कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस. तूस आपल्याकडं राईस मिलमध्ये पोत्यानं मिळतं, कोकोपीट विकत आणायची काही गरज नाही. साधारण दोन पाट्या माती, एक पाटी शेणखत, एक पाटी तूस. वर मूठभर निंबोळी पेंड. ह्यानं डबा हलका पण होतो. शेणखत पूर्ण कुजलेलं पाहिजे, हातात घेतल्यावर वास यायला नको, ओलं शेण घातलं तर हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, आणि मुंग्या दोन्ही येतात.

आता काय लावायचं. मिरगाला म्हणजे ७-८ जूनच्या आसपास दोडका, काकडी, कारली, वाल हे थेट बी टोचून लावा, वेलांना रोप उपटून लावलेलं फारसं मानवत नाही. एका २० लिटरच्या डब्यात एकच वेल, दोन बिया टोचायच्या आणि कमजोर वाटेल तो काढून टाकायचा, तिथं दया नको. मांडव आधी बांधा, वेल वाढल्यावर नाही. वारं आपल्याकडं जोरात असतंय, तारेपेक्षा सुतळीची जाळी बरी, वेलाला कापत नाही. मिरची आणि वांग्याची रोपं आत्ताच ट्रेमध्ये टाका, महिन्या-सव्वा महिन्यात लावायला येतात.

मेथी आणि कोथिंबिरीचा नाद जुलैत करू नका. झडीत कुजतात. त्यांना सप्टेंबर उजाडू दे. तोवर पालेभाजीत लाल माठ घ्या पण जिन्याच्या पत्र्याखाली ठेवा, आणि मायाळू, मायाळूला पाऊस कितीबी चालतो. अळू तर डबा भरून लावा, गच्चीतल्या पाण्याचा पाइप जिथं सुटतो तिथं ठेवलं की बघायला नको.

एक गंमतीची गोष्ट, आत्तींना माहीत असेलच. काकडी, भोपळ्याची फुलं सकाळी उघडतात पण दोडक्याची संध्याकाळी. शहरात गच्चीवर माश्या कमी येतात आणि फुलं येऊन गळून जातात, लोक म्हणतात औषध मारा. औषध नको, नर फूल तोडून मादी फुलाला हलकं घासायचं. मादी फुलाच्या मागं बारीक दोडका आधीच दिसतो, नराला नुसता दांडा. सुरुवातीला सगळी नर फुलंच येतात, घाबरायचं नाही. हे काम नातवंडांना द्या, संध्याकाळी सहाच्या पुढं. मोबाईल आपोआप खाली राहील.

तोंडलीच्या काड्या माझ्याकडं आहेत, पाहिजे असतील तर सांगा.

---

शहापूरची_काकू

अगो सुनबाई, सगळं छान विचारलंस पण एक सांगू का, तू हे सगळं विचारून, आणून, मांडून, डबे भरून आत्तींना "या बघा बाग" म्हणून दाखवणार असशील तर नको करूस. त्यांना बाग नकोय गं, त्यांना काम पाहिजे, आणि काम म्हणजे नुसतं पाणी घालायचं न्हवं, काय लावायचं, कुठनं आणायचं, किती पैसे द्यायचे हे ठरवायचं काम. गावात ती बाई परड्याची मालकीण होती. इथं तुझ्या घरात ती पाहुणी झालीय आणि तुम्ही सगळी तिला पाहुणीसारखी जपायलाय, त्यात तुमचं प्रेम आहे हे मला कळतंय, पण जपलेलं माणूस लवकर म्हातारं होतं.

माझ्या आईला आम्ही असंच बसवलं होतं. मग माझ्या भावजयीनं डोकं चालवलं, तिनं आईकडं दर शनिवारच्या बाजाराचे पैसे द्यायला सुरुवात केली, पिशवी पण तिच्याकडंच. झालं. शुक्रवारी रात्रीपासून बाईची तयारी, काय संपलं, काय महागलं, कुणाकडं मेथी बरी. बाजारात ओळखी झाल्या, उचगावकडनं भाजी घेऊन येणाऱ्या एका बाईशी तर अशी गट्टी जमली की दोघी एकमेकींच्या सुनांच्या तक्रारी करायच्या, आणि भावजय मागं पिशवी धरून उभी राहून ऐकायची आणि हसायची.

तर आत्तींना घेऊन गणपत गल्लीत जा. रोपं, बिया, सुतळी त्यांनाच बघू दे, त्यांनाच भाव करू दे. टब-बादल्या बघायला पांगुळ गल्लीत फिरवून आण. दमल्या तर मधे बसून कुंदा खाऊ दे. सगळं एका दिवसात करू नका, मुद्दाम दोन-तीन फेऱ्या होऊ देत. आणि मामांना पण बरोबर न्या, घरी ठेवलं तर कढीपत्ता आणत बसतील.

अबोली विसरू नको. भाजी भाजी म्हणत असल्या तरी एक डबा अबोलीचा लागतोच आपल्या बायकांना, मंगळवार-शुक्रवार देवीला आणि डोक्यात माळायला. मनातनं त्यांना पाहिजेच असणार, बोलत नसतील एवढंच. आणि कढीपत्त्याचं एक रोप लावून टाका, मामांचे पाय वाचतील.

---

निपाणी_तात्या

बागेतलं मला कळत नाही, आमच्याकडं तंबाखू. पण सिनेमाचं आणि त्या वांग्याचं नाव वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहायलोय.

आत्तींना सांगा, निळूभाऊ खरोखरचे माळी होते. कादंबरीतलं सांगत नाही. तरुणपणी, सतरा वर्षांचे असताना, ते पुण्यात वानवडीला सैन्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात, आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजात, बागेत माळी म्हणून कामाला होते. महिना ८० रुपये पगार आणि त्यातले १० रुपये राष्ट्र सेवा दलाला द्यायचे. स्वतःची रोपवाटिका काढायची होती त्यांना, भांडवल नव्हतं म्हणून राहिली. पुढं लोकनाट्यात आले, मग सिनेमात, आणि असे सावकार, सरपंच, पाटील उभे केले की गावोगावच्या बायका त्यांचं तोंड बघायला तयार नसायच्या. तो माणूस खऱ्या आयुष्यात सेवा दलाचा, साधा, चळवळीतला. २००९ साली गेले. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं, आपल्याकडं खलनायक म्हणजे ओरडणारा माणूस असायचा, ह्यांनी आवाज न चढवता नुसत्या नजरेनं आणि त्या घोगऱ्या बोलण्यानं भीती आणली. सिनेमा बघताना जरा लक्ष देऊन बघा, धोतराचा सोगा धरून ते चालतात कसे, बसतात कसे, पान खाताना समोरच्याकडं बघत नाहीत आणि तरी समोरचा घाबरतो. ते गावचं बघणं आहे, शिकवून येत नाही.

लहानपणी आमच्याकडं जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. पुढं जमिनीवर बसायचं, बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मधे पडदा नाहीतर दोरी. रीळ बदलायला मशीन थांबलं की सगळा तंबू बोलायला लागायचा, निम्मी मजा त्यातच. म्हणून मी म्हणतो, मामांना गप्प बसवू नका. सिनेमा घरात बघताना मधे बोलणं हे असायलाच पाहिजे, अगदी चिडीचूप बघायचं असेल तर थेटर आहे की.

लावायचं काय म्हणाल तर, तमाशाचे सिनेमे आत्ती-मामांना आवडतील, जयश्री गडकरांचे बघा, त्यांचं काम असलं की अक्कांना भाषेची अडचण पण येणार नाही, डोळ्यात सगळं असतं. नातवंडांसाठी अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची ऐंशीच्या दशकातली जोडी, त्याला पर्याय नाही, आमचा पाचवीतला नातू आता ते संवाद पाठ म्हणतो. दादा कोंडक्यांचे मला स्वतःला फार आवडतात पण नातवंडं, सून, शेजारीण सगळी एका खोलीत असताना लावू नका, मधेच सगळ्यांना एकदम पाणी प्यायला जावं लागतं.

---

टिळकवाडीची_सून

काय सांगू तुम्हाला, तात्या! तुमचा निरोप मी काल रात्री जेवताना वाचून दाखवला. आत्ती भाकरी मोडत होत्या, हात थांबला. "माळी होता?" म्हणून दोनदा विचारलं. मग मामांकडं बघून म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हवं? एवढी वर्सं मी त्येला शिव्या दिल्या." मामा म्हणाले मला कुठं माहीत होतं. त्यावर आत्ती, "पुढची सगळी गोष्ट माहीत असती, आणि हे तेवढं माहीत न्हाई." आम्ही सगळी इतकी हसलो की खालनं अक्का वर आल्या काय झालं बघायला, मग त्यांना माझ्या मुलीनं कानडीत सगळं समजावून सांगितलं, आणि त्या पण म्हणाल्या की त्यांच्याकडं वज्रमुनी म्हणून नट होते, त्यांना पण बायका अशाच शिव्या द्यायच्या. मग अर्धा तास दोघींचं हेच. आज सकाळी वांग्याला पाणी घालताना आत्ती "निळूभाऊ" म्हणाल्या, कालपर्यंत नुसतं निळ्या होतं.

काकू, तुमचं वाचून मी मिस्टरांना पण वाचायला दिलं. ते जरा वेळ गप्प होते. नंतर आईला जाऊन म्हणाले की आई, गच्चीचं तू बघ, पैसे कपाटात ठेवतो, हिशोब पण तूच ठेव. आत्तींनी लगेच चष्मा मागितला आणि नातवाची जुनी वही घेऊन यादी करायला बसल्या. यादीत पहिली अबोली आहे!! तुम्ही बरोबर ओळखलंत.

जांभ्याची माती दादा, विटांचं आणि बाजूच्या भोकांचं आत्तींना फार पटलं, "पोरगा शेतातला दिसतोय" म्हणाल्या. तोंडलीच्या काड्या पाहिजेतच. आणि त्यांना भेंडी लावायची आहे, पण गावात शेवटी शेवटी भेंडीची पानं पिवळी पडून जायची सगळी, त्याला काय करायचं विचारायला सांगितलंय. मिरची संकेश्वरीच पाहिजे म्हणतात, दुसरी आणली तर परत पाठवीन असा दम आहे.

---

होंगल_अण्णा

नमस्कार अक्का. मी बैलहोंगलचा, घरी कानडी, शिक्षण बेळगावात मराठी मित्रांत झालं त्यामुळं माझं मराठी जरा मिसळलेलं आहे, सांभाळून घ्या.

भेंडीच्या पानाच्या शिरा पिवळ्या पडतात तो विषाणू आहे, पांढरी माशी तो एका झाडावरनं दुसऱ्यावर नेते. एकदा झाड पिवळं झालं की ते बरं होत नाही, उपटून लांब टाकायचं, ठेवलं तर बाकीच्यांना देतं. उपाय सुरुवातीलाच. बेंगळूरच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेनं काढलेली अर्का अनामिका म्हणून जात आहे, ती ह्या रोगाला बऱ्यापैकी तोंड देते, बियांची छोटी पाकिटं त्यांच्याकडनं ऑनलाइन पण मागवता येतात. त्याशिवाय निंबोळी तेल, एक लिटर पाण्यात ५ मिली, थोडं साबणाचं पाणी घालून आधी चांगलं फेटायचं, नाहीतर तेल वर तरंगतं. पानाच्या खालच्या बाजूनं मारायचं, माशी तिथं बसते. संध्याकाळी मारा, उन्हात नको. संकेश्वरी मिरचीची पानं आकसून वाकडी व्हायला लागली तरी हेच, आठवड्याला एकदा. पावसानं धुऊन गेलं तर परत.

आमच्याकडची काळी माती कुणी फुकट देतो म्हणाला तरी गच्चीवर चढवू नका. शेतात ती सोनं आहे, जोंधळा, हरभरा, कापूस काय पाहिजे ते येतं, पण डब्यात पावसाळ्यात चिखल आणि उन्हाळ्यात भेगा. तुमची तांबडीच बरी. सप्टेंबरात धारवाडला कृषी विद्यापीठाचा कृषी मेळा असतो, तेव्हा आत्ती-मामांना घेऊन जा, रेल्वेनं जाता येतं. बियाणं, अवजारं, फळझाडं, सगळं एका ठिकाणी असतं, आणि लोक ट्रॅक्टर भरून येतात ते बघण्यासारखं असतं. माझे वडील दर वर्षी जातात, काही घ्यायचं नसलं तरी.

सिनेमाचं, खालच्या अक्का दर रविवारी मराठी बघायल्यात तर एखादा रविवार कानडी लावा, त्यांना किती बरं वाटेल. अनंत नाग यांचे विनोदी लावा. ते आणि त्यांचे भाऊ शंकर नाग, दोघंही मुंबईत नाटकातनं पुढं आले, मराठी रंगभूमीवर काम केलेली माणसं, त्यामुळं त्यांच्या विनोदाची पद्धत तुमच्या लोकांना परकी वाटायची नाही, आरडाओरडा नसतो, घरातलं बोलणं असतं. २०२५ ला अनंत नागांना पद्मभूषण आणि अशोक सराफांना पद्मश्री एकाच यादीत मिळालं, तेव्हा आमच्या घरात आणि शेजारच्या मराठी घरात एकदमच आनंद झाला होता. डॉ. राजकुमार यांचे पण बघा, भाषा इतकी स्वच्छ की आत्तींना निम्मं तर आपोआप कळेल, उरलेलं अक्का सांगतील. गेल्या वेळी अक्कांनी मराठी समजून घेतलं, आता पाळी आत्तींची.

---

शहापूरची_काकू

हे अण्णानं लाख बोललं बघ. आमच्या गल्लीत गणपतीत पूर्वी पडद्यावर एक दिवस मराठी, एक दिवस कानडी सिनेमा असायचा आणि गर्दी दोन्ही दिवशी तेवढीच. सुनबाई, त्या रविवारी अक्कांनाच विचार काय लावायचं, आणि चहाबरोबर काय करायचं ते पण. धपाटे केलेस तर जास्त कर, गच्चीवरनं माणसं खाली यायला लागली की पुरत नाहीत.

आणि मिरची ट्रेमध्ये टाकताना बी फार खोल नको, बोटाच्या पेरापेक्षा कमीच. आत्तींना सांगायची गरज नाही, तुला सांगते.

---

जांभ्याची_माती

ताई, तोंडलीच्या काड्यांचं. पहिला चांगला पाऊस पडून गेला की कापतो, आत्ता उन्हात कापल्या तर जगायच्या नाहीत. पेन्सिलीएवढ्या जाड, वीतभर लांब, प्रत्येकीला तीन-चार डोळे येतील असं बघतो. ओल्या पोत्यात गुंडाळून देतो, पण दुसऱ्या दिवशीच्या आत लावा. लावताना वरचं टोक वरच राहील ते बघा, दोन डोळे मातीत, बाकी बाहेर. मांडव जरा मजबूत करा कारण तोंडली तीन-चार वर्षं एकाच जागी धरते, दोडक्यासारखी एका हंगामात जात नाही. वर चढून काढायला लागणार नाही अशा उंचीवर बांधा, आत्तींचा हात पोचेल एवढंच.

आम्ही धूळवाफेची, म्हणजे पावसाआधी कोरड्या मातीतली, पेरणी उरकली की शनिवारी बाजाराला बेळगावात येतोच, आई पण असते बरोबर. काड्या तिच्याकडंच देतो, ती आणि तुमच्या आत्ती बोलतील, कारण मी दिल्या तर आई मला परत विचारणार की नीट सांगितलंस का, आणि मी काहीही सांगितलं तरी तिला ते अपुरंच वाटणार. तुम्ही फक्त जागा सांगा, शनिवार खूट का गणपत गल्लीचं टोक.

---

टिळकवाडीची_सून

गणपत गल्लीचं टोक, सकाळी दहा. आत्ती म्हणतात काड्यांच्या बदल्यात निळूभाऊंचं बी देणार, पण ह्या हंगामात एक वांगं झाडावरच पिकवून वाळवायला लागेल, तोपर्यंत थांबायला सांग. मामा पिशवी घेऊन येणार आहेत.